दोनशे सोळा मिलिमीटर

माझ्यासमोर कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. आईशी माझी निम्मी भांडणं याच शब्दावरून झाली. ती घरी बायकांचे ब्लाउज शिवायची आणि गळ्यात टेप लटकत असूनही बाहीची लांबी विचारली की वीत पसरून म्हणायची, घे, एवढी. मी म्हणायचे, एवढी म्हणजे किती ते सांग. त्यावर ती विचारायची, माझ्या हातचा ब्लाउज आजवर कुणाला बसला नाही असं झालंय का? नव्हतं झालं. त्याचाच मला जास्त राग यायचा.

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून मी वाशीतल्या एका छोट्या एजन्सीत लागले, ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांना आम्ही पाण्याचा प्रवाह मोजायची मशीनं विकायचो आणि ती बसवून द्यायचो. बसवायचं काम माझं. गेटवरचा वॉचमन दर वेळी माझ्या मागे बघायचा, साहेब कुठे राहिले म्हणून. मी म्हणायचे, साहेब मीच, गेट उघडा. माझा तिरसटपणा उपजत थोडा होता, बाकीचा या गेटांनी घडवला.

मशीन तसं गुणी होतं. पाइप कापायचा नाही, पंप बंद करायचा नाही. पाइपाच्या बाहेरूनच काड्यापेटीहून जरा मोठे दोन ठोकळे पट्ट्याने आवळायचे. त्यांना सेन्सर म्हणायचं. एक सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो पाइपाच्या समोरच्या भिंतीवर आपटून दुसऱ्याकडे येतो. मग दुसरा सोडतो, पहिला ऐकतो. पाण्याबरोबर जाणारा आवाज किंचित लवकर पोचतो, उलटा येणारा किंचित उशिरा. त्या किंचितवरून मशीन सांगतं, पाणी किती वाहतंय. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण दोघांचं बोलणं अखंड चालू असतं. मला फार आवडायचं ते.

फक्त त्या दोघांमधलं अंतर चुकता कामा नये. पाइपाचा घेर, पत्र्याची जाडी, धातू कोणता, आत काय वाहतं, हे सगळं मशीनला द्यायचं आणि मशीन म्हणेल त्या मिलिमीटरवर सेन्सर बसवायचे. अंतर थोडं हललं तर मशीन बंद पडत नाही, हीच खरी पंचाईत. ते बोलत राहतं, पण खोटं.

घेर मोजायला स्टीलची टेप पाइपावर नीट बसत नाही, म्हणून मी आईची कापडी टेप न्यायचे. जुनी झाली की ती ताणते, तेव्हा आधी पट्टीवर तपासून घ्यायचे. टेपेबरोबर शिंप्याचा चपटा खडूही आईच्या डब्यातून माझ्या पिशवीत आला होता. तो तिथे काय करत होता, मला माहीत नाही. नसता आला तर बरं झालं असतं.

त्या वर्षी गणपती झाल्यावर कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यातलं काम आलं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून पंप हाऊस होतं आणि भिंतीपलीकडे गाव. बाहेरच्या लाइनीतून टाकीत पाणी यायचं, तिथे जुना मीटर होता. टाकीतून पंपाने ते कारखान्यात जायचं, तिथे मीटर नव्हता, तो मी बसवायचा होता. आत किती येतं आणि पुढे किती जातं, याचा मेळ मॅनेजरला हवा होता.

पंपावरचा माणूस त्या भिंतीपलीकडच्या गावचा. पन्नाशी उलटलेला, काळा, काटक. कारखान्यांसाठी जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली, ती त्याला. आम्ही उभे होतो तिथे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं, असं त्याने बोलता बोलता सांगितलं, बसस्टॉप कुठे आहे ते सांगावं तसं. मी त्याला काका म्हटलं. तो मला पहिल्या वाक्यापासून ‘बाय’ म्हणाला, आणि अहोजाहो केलं नाही. खरं सांगते, त्या पट्ट्यात मला मॅडम न म्हणणारा तो पहिला माणूस, आणि त्याचाच मला राग आला नाही.

पंप हाऊस त्याने असं ठेवलं होतं की मला माझ्या स्वयंपाकघराची लाज वाटावी. नट आवळायचे पाने भिंतीवर क्रमाने टांगलेले, फरशीवर तेलाचा ठिपका नाही, कोपऱ्यात तुळशीचं एक डबडंसुद्धा. मी पाइपावरचा रंग घासायला घेतला तेव्हा त्याचा जीव वरखाली झाला. तरी माझ्या हातातला पॉलिश पेपर घेऊन त्यानेच पाइप चकचकीत करून दिला.

घेर घेतला, जाडी घेतली, आकडे भरले. मशीनने दिलं, दोनशे सोळा. आवाज मध्ये अडू नये म्हणून मी सेन्सरच्या तळाला पांढरं चिकट जेल लावलं, पट्टी धरली, दोनशे सोळावर पट्टे आवळले. काका बाजूला बसून सगळं बघत होता. त्याने विचारलं, एवढंच अंतर का, बाय? जास्त ठेवलं तर? साधा प्रश्न होता, आणि चांगला होता. पाच मिनिटं लागली असती सांगायला. पण साडेचार वाजून गेले होते, कंपनीची बस पाचला सुटायची, आणि मनातून मला वाटलं, याला काय कळणार आहे. मी म्हणाले, मशीन सांगतं तेवढं ठेवायचं, काका.

अंतर ठरलं की पाइपावर कायमची खूण करायची असते. पंचने, म्हणजे पोलादी टोच्याने ठोकून, निदान रंगाच्या पेनने. म्हणजे पुढे कधी सेन्सर काढावे लागले तरी जागच्या जागी परत बसतात. पंच मी ऑफिसात विसरले होते. रंगाचं पेन वाळलं होतं. मग पिशवीत हात घातला आणि आईचा खडू हाताला लागला. दोन्ही सेन्सरच्या कडेला एकेक पांढरी रेघ मारली. पुढच्या खेपेला पंच करू, असं ठरवलं. शिंप्याचा खडू करतातच मुळी झटकला की जावा असा. हे मला माझ्या घरात लहानपणापासून माहीत होतं.

निघताना मी काकाला म्हणाले, आता हे तुमच्या ताब्यात, नीट सांभाळा. ‘हात लावू नका’ असं म्हणाले नाही. नीट सांभाळा म्हणाले.

तीन आठवडे दोन्ही मीटरांचा मेळ बसला. मॅनेजर खूश, एजन्सी चालवणारे आमचे सर खूश. आणि दिवाळी झाल्यावर फोन आला. आमच्या मशीनवर पाणी कमी दिसत होतं, रोज, दसऱ्यापासून. जुन्या मीटरप्रमाणे टाकीत येणारं पाणी पूर्वीइतकंच. मग मधलं गेलं कुठे? मॅनेजरकडे उत्तर तयार होतं. पंप हाऊसच्या मागे टाकी धुवायचा एक वॉल्व्ह होता, त्याचं तोंड भिंतीकडे. भिंतीपलीकडे गावच्या नळावर हंड्यांची रांग. पंपावरचा माणूस गावचा. फोन ठेवून सर मला म्हणाले, तू फक्त मशीन ठीक आहे एवढं बघून ये, चोरी पकडायला पोलिस आहेत.

मी गेले तेव्हा काका पंप हाऊसच्या पायरीवर बसला होता. चार दिवस त्याला आत जायला बंदी होती, तरी तो रोज कामाच्या वेळेला येऊन पायरीवर बसत होता. गावात कळलं होतं. पाणी गावाला दिलं असतं तर गावाने डोक्यावर तरी घेतलं असतं, पण पाणी मिळालं नव्हतं कुणालाच, आणि नळावरच्या बायका विचारत होत्या, मग विकलंस कुणाला? दोन्हीकडून चोर. त्याने मला एवढंच म्हटलं, “मी चोर नाय, बाय. तुजी मशीन काय बोलते ती बघ.”

माझ्या मशीनवर त्याचा मॅनेजरपेक्षा जास्त विश्वास होता.

आत गेले. पाइपाला नवा निळा रंग होता. सुंदर हात फिरवलेला, एक ओघळ नाही. दोन्ही सेन्सरवर हळदीकुंकवाची बोटं, आणि पट्ट्याच्या स्क्रूमध्ये झेंडूची एक वाळकी पाकळी अडकलेली. खंडेनवमी. या पट्ट्यात त्या दिवशी पान्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्याची पूजा होते, आदल्या दिवशी सगळं धुऊन, रंगवून घेतात. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मीच आमच्या ऑफिसात त्या दिवशी मशीनला हार घातला होता.

पट्टी लावली. दोनशे चार.

तीन वेळा मोजलं. दोनशे चारच. खडूच्या रेघा अर्थातच नव्हत्या. सेन्सर सोडवले तर खाली जेलऐवजी पंपाचं ग्रीस. आवाज किती जोरात पोचतोय ते सांगणारा सिग्नलचा आकडा मशीनमध्ये बघितला, निम्म्यावर आला होता. वहीत रोजचं पाणी लिहायचे सगळे, सिग्नल बघायचं कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी सांगायचं होतं? मीच.

नवा रंग घासला, जेल लावलं, दोनशे सोळावर सेन्सर बसवले. आकडा वर चढला आणि जुन्या मीटरशी येऊन टेकला. मला इतका आनंद झाला की मी धावत ऑफिसात गेले आणि मॅनेजरला हाताला धरून आणायचंच बाकी ठेवलं. त्याला दाखवलं. म्हणाले, साहेब, थेंबभर पाणी कुठे गेलेलं नाही. अंतर बारा मिलिमीटरने हललं होतं, म्हणून मशीन कमी दाखवत होतं. काका दारात उभा होता. मला वाटलं, सोडवलं मी याला. मूर्ख होते मी.

मॅनेजरने आकडा बघितला, मान हलवली. आवाजसुद्धा चढवला नाही त्याने. विचारलं, मॅडम, अंतर आपोआप हलतं का?

मी म्हणाले, नाही.

मग कुणी हलवलं?

दारातून काका म्हणाला, “मी काडलेला. रंग द्याला.”

त्याने सगळं सांगितलं, विचारलं नव्हतं तेसुद्धा. आदल्या दिवशी पाइप रंगवायचा होता, हे दोन डबे मध्ये येत होते. डबे तसेच ठेवून भोवती रंग फासायचा म्हणजे चुकारपणा. म्हणून त्याने ते काढले. खालचं चिकट पुसलं, त्याला ते मळ वाटलं, पण पूर्वी काहीतरी होतं म्हणून परत लावताना ग्रीस लावलं. आणि अंतर? अंतर त्याने मोजलं होतं. मोजूनच काढले होते. एक वीत आणि एक बोट. दुसऱ्या दिवशी पूजेआधी मोजूनच परत लावले, एक वीत आणि एक बोट.

मॅनेजर हसला. मला हसू आलं नाही. मी काकाला म्हटलं, दाखवा कसं मोजलं. त्याने उजवी वीत पाइपावर पसरली, वर एक बोट ठेवलं. मी पट्टी लावली. दोनशे पंधरा, सोळा. म्हटलं, आणि लावताना? तो म्हणाला, लावताना उजव्या हातात पाना होता. मग त्याने डावा हात पसरला. डाव्या हाताचा अंगठा पुरता उघडत नव्हता. तरुणपणी होडीच्या दोरात अडकून मोडला होता. पट्टी लावली. दोनशे चार.

तो पट्टीकडे बघत राहिला. एवढी वर्षं दोन्ही हात त्याचेच होते, आणि ते सारखे नाहीत हे त्याला त्या दिवशी कळलं. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी उगाच पट्टा पुन्हा आवळत बसले.

चोरीचा आरोप गेला. त्याच्या जागी दुसरा आला. बसवलेल्या उपकरणाशी परवानगीशिवाय छेडछाड, कंपनीची दिशाभूल करणारी नोंद. कारखान्यात तेव्हा एकेक खातं कंत्राटदाराकडे द्यायचं चाललं होतं. पंप हाऊसही यादीत होतं आणि कायम माणूस त्यात अडचण होता. हे मला बाहेर चहाच्या टपरीवर कळलं, आणि मग मॅनेजरने आवाज का चढवला नव्हता तेही कळलं. त्याला चोर नकोच होता. त्याला फक्त कारण हवं होतं, आणि ते मी पट्टी लावून, तीन वेळा मोजून त्याच्या हातात दिलं होतं.

त्याने आमच्याकडे लेखी रिपोर्ट मागितला. त्या संध्याकाळी मी दोन पानं लिहिली. अंतर का बदललं, किती बदललं, त्याने कसं मोजलं होतं. आणि स्पष्ट लिहिलं की नियमाप्रमाणे पाइपावर कायमची खूण करायला हवी होती, ती केली नव्हती, साध्या खडूने केली होती. खूण असती तर सेन्सर जागेवरच बसले असते. ही चूक बसवणाऱ्याची, म्हणजे माझी. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खडू माझा होता ना? मग माझं पण नाव घाल. थट्टा करत होती, पण डोळे पुसले तिने.

सरांनी सकाळी ती पानं वाचली. माणूस वाईट नव्हता. लाल पेन काढलं आणि खडूचा सगळा परिच्छेद आडवा खोडला. काकाने हात पसरून मोजल्याचा भागही खोडला, त्याची रिपोर्टमध्ये गरज नाही म्हणाले. राहिलं ते एवढंच, की सेन्सर ऑपरेटरने काढून चुकीच्या अंतरावर बसवल्याने नोंद कमी आली, उपकरणात दोष नाही. मी म्हणाले, सर, हे अर्धं आहे. ते म्हणाले, यातलं एक वाक्य खोटं असेल तर दाखव. मी शोधलं. नव्हतं एकही. ते म्हणाले, खडू लिहिलास तर उद्या या पट्ट्यात आपलं मशीन कुणी दारात उभं करणार नाही, आणि इथल्या पाच जणांच्या घरी जाऊन तूच सांगशील का? त्या पाचांत मी एक होते. आमच्या घरात दरमहा ठरून येणारा पगार माझाच. मी अर्धा दिवस सही केली नाही. जेवणाचा डबा तसाच परत नेला. संध्याकाळी टायपिस्ट घरी जायला निघाली तेव्हा सही केली.

कुणी मला धमकावलं नव्हतं. हेच मला सांगता येत नाही कुणाला. धमकावलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कधी कमी नव्हते. पण तिथे भांडायला समोर कुणी नव्हतंच. प्रत्येक जण आपापलं काम नीट करत होता. काकासुद्धा.

पंधरा दिवसांनी सरांनी मला परत पाठवलं, पाइपावर पंचने कायमची खूण करायला. रिपोर्टनंतर आता कंपनीने ती मागितली होती. सगळं नियमाप्रमाणे.

काका पंप हाऊसमध्ये होता. त्याचा शेवटचा आठवडा. कंत्राटदाराच्या माणसाला कुठला वॉल्व्ह कुठे जातो ते शिकवून जायचं होतं त्याला, आणि तो ते मनापासून शिकवत होता. मला बघून त्याने स्टूल पुसून दिलं. रिपोर्टाचं त्याने काही विचारलं नाही. मी ठरवून गेले होते की याला सगळं सांगायचं. खडूचं, खोडलेल्या परिच्छेदाचं. जिभेवर आलेलंही होतं. पण तो नवा माणूस तिथेच उभा होता, आणि खरं म्हणजे तो नसता तरी माझं धाडस झालं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मी पट्टी धरली, दोनशे सोळा तपासलं, पंच ठेवला आणि हातोडी मारली. एक खूण इकडे, एक तिकडे. काकाने बोटाने ते दोन बारीक खड्डे चाचपून बघितले. आता कितीही रंग दिला तरी समजेल, असं त्या नव्या माणसाला म्हणाला.

मी पिशवी भरत होते. तो जवळ आला आणि हळू आवाजात, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, “बाय, तवा पन हितं पांडरी रेग व्हती. तुजीच ना? ती मी पुसली. मना वाटला, खडू हाय, कुनी पोरानी मारलाय. मना ठाव नव्हता. माजी चुकी जाली.”

त्याचे हात जोडलेले होते. डावा अंगठा उजव्याला पुरता भिडत नव्हता.

मी म्हणाले, “असू दे, काका.”

आणि त्याचा चेहरा सुटला. मी त्याला माफ केलं होतं.